जुन्या स्विस घड्याळांचे मोल

मोबाइलवर अचूक वेळ दिसत असताना अर्ध्या शतकापूर्वीच्या, रोज चावी द्यावी लागणाऱ्या घड्याळासाठी कुणी लाखो रुपये का मोजावेत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या घड्याळाच्या अचूकतेत नसून त्याच्या इतिहासात आहे.

स्विस घड्याळांची परंपरा निर्बंधातून जन्मली. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या प्रभावाखालील जिनिव्हात दागदागिन्यांवर बंधने आली आणि तेथील सोनार घड्याळांकडे वळले. फ्रान्समधून धार्मिक छळामुळे परागंदा झालेल्या कारागिरांची त्यांना साथ मिळाली. १६०१ मध्ये जिनिव्हात घड्याळजींचा संघ स्थापन झाला. पुढे ही विद्या जुरा पर्वतराजीत पोहोचली आणि बर्फाळ हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या घराघरांत घड्याळाचे सुटे भाग घडू लागले. ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल या तेथील दोन गावांची रचनाच या व्यवसायाभोवती झाली असून, २००९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या वैभवाला मोठा धक्का बसला तो जपानकडून. डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्वस्त आणि अधिक अचूक अशा या तंत्रापुढे चाके आणि कमानींचे यंत्र कालबाह्य वाटू लागले. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करीत होते; ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही संख्या तीस हजारांच्या आसपास आली. 'झेनिथ' कंपनीच्या अमेरिकी मालकांनी १९७५ मध्ये यांत्रिक घड्याळांचे उत्पादन थांबवून अवजारे निकालात काढण्याचा आदेश दिला. शार्ल व्हेर्मो या तंत्रज्ञाने मात्र 'एल प्रिमेरो' या यंत्राचे साचे, अवजारे आणि नोंदी कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवल्या. १९८४ मध्ये त्याच ऐवजाच्या बळावर उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या 'डेटोना' घड्याळासाठी हेच यंत्र पायाभूत म्हणून स्वीकारले. जी विद्या मोडीत निघणार होती, तीच पुढे संग्राहकांच्या आकर्षणाचा विषय ठरली.

संग्राहक नेमके काय पाहतात? सर्वप्रथम तबकडी. ती मूळची असावी, मग तिच्यावर डाग असले तरी चालतील. काटे, चावी आणि यंत्र एकाच काळातील हवेत. अंधारात चमकणारा रंगही वय सांगतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी रेडियम वापरत. नंतर ट्रिटियम आले. त्यामुळे १९५० च्या घड्याळावरील आकडे आज रात्री लख्ख चमकत असतील, तर रंग नंतर भरला गेला, हे उघड होते. कवचाला अतिपॉलिश केल्यास कडा झिजतात आणि किंमतही घटते. पाटेक फिलिप आणि लाँजीन यांसारख्या कंपन्यांच्या दप्तरांत जुन्या घड्याळांच्या नोंदी जतन केलेल्या असून, क्रमांकावरून त्या पडताळता येतात.

अस्सलपणाला मालकाच्या कथेची जोड मिळाली, तर किंमत कल्पनेपलीकडे जाते. अभिनेता पॉल न्यूमन याचे 'डेटोना' २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. त्याची वेगळ्या धाटणीची तबकडी नवी असताना ग्राहकांना फारशी रुचली नव्हती, हे विशेष.

या साऱ्याशी मुंबईचेही नाते आहे, पण ते संमिश्र आहे. फेवर-ल्युबा, वेस्ट एंड ही नावे एकोणिसाव्या शतकापासून येथील बाजारात रुळलेली. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध आले, तेव्हा आहे ते घड्याळ चालते ठेवणे हीच गरज होती. घड्याळजी एकाचा भाग दुसऱ्याला बसवीत, मळलेली तबकडी नव्याने रंगवून देत. ती काटकसर होती, फसवणूक नव्हे. पुढे मात्र अशीच जुळवाजुळव करून, भडक रंगाच्या तबकड्या चढवलेली घड्याळे परदेशी ग्राहकांना जुनी व अस्सल म्हणून विकली जाऊ लागली. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि त्यांपासून चार हात दूर राहतात.

आजोबांचे घड्याळ आजही अनेक घरांच्या कपाटात बंद पडून आहे. ते दुरुस्तीला देताना यंत्राची साफसफाई आणि तेलपाणी जरूर करावे. मात्र तबकडी रंगवू नये, कवच घासू नये आणि बदललेला प्रत्येक सुटा भाग परत मागून घ्यावा. पिवळी पडलेली तबकडी हा त्या घड्याळाने पाहिलेल्या काळाचा पुरावा असतो. एकदा पुसला, की कोणत्याही किमतीला तो परत मिळत नाही.