पक्षाघात : पहिल्या काही तासांतील वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वर्णिलेला पक्षाघात आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावरील स्नेहन, स्वेदन, विरेचन हा उपक्रमही ज्ञात आहे. परंतु लक्षणे नुकतीच उद्भवलेला रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा बहुधा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि तेथील पेशी प्रतिक्षणी नष्ट होत असतात. अशा वेळी अचूक ओळख व तत्काळ पाठवणी हेच आपले प्रथम कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.

ओळख सोपी आहे. रुग्णास हसावयास सांगावे. मुख एका बाजूस ओढले जाते का, हे पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरण्यास सांगावे. एक हात खाली येतो का, हे पाहावे. साधे वाक्य म्हणवून घ्यावे. वाणी जड वा असंबद्ध आहे का, हे ऐकावे. अकस्मात दृष्टी जाणे, तोल जाणे वा असह्य शिरःशूल हीदेखील धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकही पुरेसे आहे.

अर्दिताविषयी सावध राहावे. मुख वाकडे असूनही दोन्ही भुवया नीट उचलता येत असतील, तर विकृती मेंदूत असण्याचा संभव अधिक. शंका असल्यास पक्षाघातच समजावा.

कित्येकदा लक्षणे काही मिनिटांत ओसरतात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. हीच खरी पूर्वसूचना असते. मोठा आघात पुढील एक-दोन दिवसांतही होऊ शकतो. असा रुग्णही त्याच दिवशी रुग्णालयात गेला पाहिजे.

गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून रुग्ण शेवटचा केव्हा धडधाकट दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिहावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. गुठळी की रक्तस्राव, हे स्कॅनविना कळत नाही. म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळण्याची शक्ती मंदावलेली असू शकते. म्हणून पाणी, काढा, मात्रा काहीही मुखावाटे देऊ नये. अभ्यंग वा नस्य यांत वेळ दवडू नये.

रुग्ण स्थिर झाल्यावर तज्ज्ञांच्या विचाराने आपल्या चिकित्सेस अवसर आहेच. तोवर आपला एक तास वाचविणे, हाच रुग्णावरील मोठा उपकार ठरेल.