नऊ एकांचा वर्ग

नांदेड जिल्ह्यातील नायगावच्या शाळकरी मुलानेही पाटीपेन्सिल घेऊन करावा असा एक गुणाकार आहे. नऊ वेळा एक लिहावा व त्या संख्येस तिनेच गुणावे. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. पायऱ्यापायऱ्यांनी नवापर्यंत चढावे व त्याच वाटेने उतरावे, तशी ही सतरा अंकांची संख्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थाननामांप्रमाणे पाहू गेल्यास हिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. परार्धास एकच स्थान उणे.

हा योगायोग समजावा काय? मुळीच नव्हे. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, अशा एकाखाली एक येतात. उजवीकडील पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, अगदी मधल्यात नऊ; तेथून पुढे एकेक कमी. कोणतीही बेरीज नवापुढे जात नाही, म्हणून हातचा उरत नाही. हातचा नाही, म्हणून क्रम मोडत नाही. आता दहा एकांचा वर्ग करावा. मधल्या दहांचे शून्य, हातच्यामुळे डावीकडील नवाचेही शून्य, आणि पुढच्या हातच्यामुळे आठाचा नऊ! उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, चढणीतला आठ नाहीसा झाला.

मूळ संख्येत आणखीही गमती आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१. त्या ८१ ने तिला गुणिले असता नेमका ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. मधला नऊ सोडून दोन्ही बाजूंची बेरीज करावी: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ म्हणजे ९९९९९९९९. दोन टोकांची बेरीज मधल्याच अंकाची पुनरुक्ती करते!

या गुणाच्या संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाच्या ‘डेमलो’ या नावावरून त्यांनी त्यांस ‘डेमलो संख्या’ म्हटले. १६५ ही त्यांतलीच. एक आणि पाच मिळून सहा. पुष्कळ गणितज्ञांनी हे संशोधन क्षुल्लक मानले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्यावर लिहिले, तेव्हा जगास या शिक्षकाची ओळख पटली.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्यांश होता. माणसे आठांच्या गटाने मोजती, तर ही चढउतार सातावरच थांबती. म्हणजे हे सौंदर्य संख्येचे नव्हे, आपल्या अंकलेखनाचे. उलट, ही संख्या ३, ३७ व ३३३६६७ या मूळ संख्यांपासूनच घडलेली आहे, हे कोणत्याही लेखनात अबाधित राहते. परंतु कोणता गुण लेखनाचा व कोणता संख्येचा, हा विवेक मुलास शिकवावयाचा, तर याहून सोपे साधन कोणते? एक पाटी पुरे. आणि हातचा विसरला नाही म्हणजे झाले.