फोडणीच्या डब्यातली मोहरी पेरून बघा

घटस्थापनेला परडीत काळी माती घेऊन गहू, ज्वारी पेरतो आणि दसऱ्याला तेच पिवळे कोंब टोपीत खोचतो. म्हणजे मायक्रोग्रीन, म्हणजेच कोवळे असतानाच कापून खायचे कोंब, आपल्याला नवे नाहीत, फक्त खात नव्हतो!

इथं आष्टीत मी फोडणीच्या डब्यातलीच मोहरी लावतो. पेरणीचं बियाणं नको, त्याला बहुतेक वेळा औषध चोळलेलं असतं. मिठाईच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडा, दोन बोटं कोकोपीट भरा. आपली काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड. दाणे भिजवू नका. पसरा, पाणी फवारा, वर ताट झाका. तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसेल. बुरशी समजून मी पहिला डबा उकिरड्यावर टाकला होता! पाणी फवारलं की लव बसते, बुरशी बसत नाही.

मग ताट काढून खिडकीतल्या उजेडात ठेवा. आठ-दहा दिवसांत बोटभर वाढली की कात्रीनं कापा. चव फेसलेल्या मोहरीसारखी, थेट नाकात जाणारी. पिठलं-भाकरीवर मूठभर टाकून बघा. एकदा कापली की पुन्हा फुटत नाही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात नादी लागू नका, दिवाळीनंतर लावा.