बाबासाहेबांचा क्लोन करता येईल का?

येरवड्यातल्या एका विहारात मी रविवारी मुलांचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात डॉली मेंढीचा विषय निघाला, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. "ताई, मेंढीचा क्लोन होतो, मग बाबासाहेबांचा का नाही करत?" कुणीही हसले नाही. सगळी मुले माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटले, पुढच्या रविवारी सांगते. त्या रविवारी जे सांगितले ते, आणि मुलांसमोर बोलता आले नाही तेही, इथे लिहीत आहे.

क्लोन म्हणजे काय?

एका जीवाची, नर-मादीच्या बीजांचा संयोग न होता तयार झालेली जनुकीय प्रत म्हणजे क्लोन. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गुलाबाचे कलम हा क्लोनच. जळगावच्या शेतकऱ्यांनी लावलेली टिश्यू कल्चर केळी हाही क्लोनच. आपल्या पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने साग आणि बांबूची रोपे अशाच तंत्राने तयार करण्याचे मोठे काम केले आहे. माणसातही एकसारखी दिसणारी जुळी भावंडे म्हणजे निसर्गाने केलेले क्लोन असतात.

प्राण्याचा क्लोन मात्र सोपा नाही. एका मादीचे बीज घेऊन त्यातले केंद्रक काढून टाकतात. ज्याची प्रत हवी त्याच्या शरीरातल्या पेशीचे केंद्रक त्या जागी बसवतात. विजेचा हलका धक्का देऊन पेशीचे विभाजन सुरू करतात आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या एखाद्या मादीच्या गर्भाशयात सोडतात. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत 5 जुलै 1996 रोजी जन्मलेली डॉली अशी झाली.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सरळ आहे. प्रत करायला धडधाकट केंद्रक असलेली पेशी लागते. बाबासाहेबांच्या देहावर 7 डिसेंबर 1956 रोजी दादरला अंत्यसंस्कार झाले. विज्ञानाच्या हाती काहीही उरलेले नाही.

अपयश कुणाच्या अंगावर?

डॉलीचा फोटो सगळ्यांनी पाहिला, पण तिच्यामागचा हिशेब फार कमी लोकांना माहीत आहे. 277 बीजांमध्ये केंद्रक बसवले, त्यातून 29 गर्भ मेंढ्यांमध्ये सोडण्याजोगे झाले आणि जिवंत कोकरू एकच जन्मले. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2009 मध्ये क्लोन केलेली म्हशीची पारडी जन्मली. ती थोड्याच दिवसांत दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली गरिमा जगली, पण तीही जेमतेम दोन वर्षे.

माणसाला सर्वात जवळचा प्रयोग चीनमधला. जानेवारी 2018 मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी दोन क्लोन माकडे जगाला दाखवली. त्यासाठी 79 गर्भ 21 माद्यांमध्ये सोडले होते. सहा माद्या गाभण राहिल्या, पिल्ले दोनच जगली. तीही गर्भातल्या पेशी वापरल्या म्हणून. वाढ झालेल्या माकडाच्या पेशी वापरून जी दोन जन्मली, ती लगेच मेली.

आता मेंढी आणि माकडीण यांच्या जागी बाई ठेवून हा हिशेब पुन्हा वाचा. एका मुलासाठी शेकडो स्त्रीबीजे आणि डझनावारी गर्भाशये लागतील. कितीतरी गर्भपात होतील, अधू किंवा मृत बाळे जन्मतील. क्लोनिंगमधला खरा धोका हा आहे. सिनेमात दाखवतात तशी एकसारख्या माणसांची फौज उभी राहणार नाही. पण एका प्रतीसाठी अनेक बायांची शरीरे झिजतील, आणि त्या बाया श्रीमंतांच्या घरातल्या नसतील.

बीज कुणाचे?

ही भीती कल्पनेतली नाही. दक्षिण कोरियातले शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांनी 2004 आणि 2005 मध्ये मानवी क्लोन गर्भातून मूलपेशी काढल्याचा दावा केला. देशाने त्यांना डोक्यावर घेतले. नंतर सगळे बनावट निघाले आणि जानेवारी 2006 मध्ये त्यांचे शोधनिबंध मागे घेतले गेले. पण तोवर शंभराहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांहून जास्त बीजे घेऊन झाली होती. काहींना पैसे दिले होते. बीज देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुलीही होत्या. साहेबाला नाही म्हणणे किती अवघड असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बीज देणे हे रक्तदानासारखे नसते. कितीतरी दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजे काढतात. काही जणींच्या अंडाशयाला सूज येते, पोटात पाणी साठते, क्वचित जीवावरही बेतते. माझ्या कामाच्या भागात धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी मला एक संमतीपत्र दाखवले होते. पूर्ण इंग्रजीत. क्लोनिंगसाठी नव्हे, दुसऱ्या जोडप्याच्या टेस्ट ट्यूब बाळासाठी. एजंट बाईने त्यांना फक्त रक्कम सांगितली होती. इंजेक्शने किती दिवस, त्रास झाला तर कुठे जायचे, खर्च कोण करणार, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते कुठं सांगितलंय ताई? सही कर म्हणाली."

2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने यावर मर्यादा घातल्या आहेत. बीज देणारी स्त्री 23 ते 35 वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातपेक्षा जास्त बीजे काढू नयेत, तिचा विमा उतरवावा. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. हा कायदा त्या ताईंना माहीत नव्हता, एजंटला मात्र नक्की माहीत असणार.

पुण्यातल्या प्रयोगशाळेतली एक बाई

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या पेशीसंग्रहात 'हीला' नावाच्या पेशी आहेत. त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कृष्णवर्णीय बाईच्या. 1951 मध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी ती रुग्णालयात गेली, तेव्हा तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती 31 व्या वर्षी वारली. पेशी मात्र वाढतच राहिल्या. त्यांच्यापासून 1950 च्या दशकात एका पेशीचे हुबेहूब वंशज वाढवण्यात आले. म्हणजे माणसाचा नव्हे, पण मानवी पेशीचा पहिला क्लोन तिच्या देहातून झाला. पोलिओच्या लशीपासून कितीतरी संशोधनाला या पेशींचा उपयोग झाला. घरच्यांना दोन दशके काही माहीत नव्हते. पेशींवर कमाई करणाऱ्या एका कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली ती 2023 मध्ये.

हे वाचून विज्ञानाचा राग धरू नये. त्या पेशींनी आपलीही मुले वाचवली आहेत. प्रश्न एवढाच, की तिला विचारले का नाही?

कायदा आणि जातीची नजर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूल जन्माला घालण्यासाठीचे क्लोनिंग निषिद्ध ठरवले आहे. उपचारासाठीच्या मूलपेशी संशोधनाला कडक देखरेखीखाली वाट ठेवली आहे. मार्च 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले ते याच फरकासाठी. मला हा फरक योग्य वाटतो. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे संसदेचा कायदा नव्हे.

आणि कायदा असूनही काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. गर्भलिंग निदानावर देशात सर्वात आधी, 1988 मध्ये, आपल्याच राज्याने कायदा केला. तरी दर हजार मुलांमागे लहान मुलींची संख्या 1991 च्या जनगणनेत 946 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. गर्भातला दोष शोधायला आलेले यंत्र मुलगी शोधायला वापरले गेले. ज्या समाजाला मुलगाच हवा आणि तोही 'आपल्या रक्ताचा', तिथे क्लोनिंग आले तर ते कशासाठी वापरले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिभेदाचे निर्मूलन' लिहिताना रक्ताची शुद्धता आणि सुप्रजननाच्या नावाने होणारे जातीचे समर्थन खोडून काढले होते. बुद्धाने तर माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा असे सांगितले. जनुकांची प्रत म्हणजेच माणूस, हा विचार त्याच जुन्या जन्मवादाचे नवे रूप आहे.

म्हणून त्या मुलाला दुसरे उत्तर असे दिले. समजा पेशी मिळाली असती. तरी जन्मले असते ते फार तर बाबासाहेबांचे उशिरा आलेले जुळे भावंड. त्याच्या वाट्याला साताऱ्याच्या शाळेतले बसायचे गोणपाट आले नसते, कोलंबियाचे ग्रंथालय आले नसते, महाडचे तळे आणि रमाईची सोबतही आली नसती. उलट त्या बाळावर जन्मापासून ओझे, की तू बाबासाहेब हो. आपल्या इच्छेसाठी एखाद्या लेकराला असे जन्माला घालणे ही करुणा नव्हे.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे पुस्तकंच वाचावी लागणार."

मोठ्यांसाठी मात्र माझे सांगणे वेगळे आहे. वस्तीत कुणी बीजासाठी, गर्भाशयासाठी किंवा कुठल्या औषधाच्या चाचणीसाठी सही मागायला आले, तर कागद मराठीत मागा. घरी आणा, वाचून घ्या, त्रास झाल्यास जबाबदारी कुणाची हे लिहून घ्या. हेन्रिएटाला कुणी विचारले नाही. आपण विचारू शकतो.