बाळंतिणीची रजा वस्तीने द्यावी

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कारखान्यातील बायांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला. पण धुणीभांडी, बिगारी करणाऱ्या आपल्या बहिणींना भरपगारी रजा कोण देणार? पोटासाठी ओली बाळंतीण कामाला निघते.

ही रजा आपण देऊ. जयंतीसारखी घरोघर वर्गणी काढू. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, अंडी पोहोचवू. पावडरचे दूध, बाटली मात्र नको; सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या, ही आठवण देऊ. मातृ वंदना योजनेचा अर्ज आशाताईंकडून भरून घेऊ. तिचे थोरले लेकरू दुपारभर सांभाळू. आणि देताना फोटो काढणार नाही. बहिणीचा मान आधी.