चार्जरची सोललेली तार
नागपूरच्या वैशाखात, पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा, लॅपटॉपच्या चार्जरची, पिनेजवळ वारंवार मुडपून सोललेली तार चिकटपट्टीने गुंडाळून निर्धास्त राहणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. कारण आतील तांब्याचे केसासारखे तंतू तुटले, की उरलेल्या मोजक्या तंतूंवर 3-4 अँपियर प्रवाहाचा संपूर्ण भार पडून तेथेच उष्णता साचते, आणि पट्टीचा गोंद तर उन्हाळ्यानेच पाझरू लागतो. चार्जरच्या ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी, सुमारे 19 व्होल्टची तार सीताबर्डीतील जाणता कारागीर डाख देऊन, आक्रसणारी नळी चढवून सांधील. परंतु भिंतीकडची 230 व्होल्टची तार सांधूच नये, समूळ बदलावी. ठोकळा मात्र कदापि उघडू नका: प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जबर धक्का देणारा विद्युद्भार काही काळ शिल्लक राहू शकतो.