नम्रता म्हणजे मान खाली घालणं नव्हे

गैरसमज : नम्र माणूस मिळमिळीत असतो.

गाडगेबाबा आठवा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी जानोरकर एखाद्या गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचं. पाया पडायला आलेल्याला ते पाया पडू देत नसत. पण कीर्तनाला उभे राहिले की समोरच्या गर्दीला प्रश्नामागून प्रश्न विचारत. देवापुढे बकरं कापणारे, कर्ज काढून सण साजरे करणारे, दारूपायी संसार उधळणारे, कुणाचीच गय नसे. उत्तरं लोकांच्याच तोंडून वदवून घेत आणि कानउघाडणी आपोआप होई. त्यांनी स्वतःचा बडेजाव टाकला होता, मताचा ठामपणा नाही.

गैरसमज : नम्रता नवशिक्यासाठी, जाणकाराला तिची काय गरज?

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. चीर देण्याआधी क्षणभर थांबायचं. रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया कोणती, शरीराच्या कोणत्या भागावर, हे मोठ्याने पक्कं करायचं. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. हजारो शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनला हे पोरकट वाटू शकतं. पण दिल्लीसह जगभरातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७वर आलं. हे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले.

यादीतलं बहुतेक सगळं डॉक्टरांना आधीपासून ठाऊकच होतं. अवघड होतं ते नर्सने "थांबा" म्हटल्यावर खरोखर थांबणं. आणि नावं कशाला सांगायची? सुरुवातीलाच ज्याला बोलायची संधी मिळाली, त्याला चूक दिसल्यावर तोंड उघडणं सोपं जातं. जाणकाराची नम्रता असा कुणाचा तरी जीव वाचवते.

गैरसमज : कौतुक झटकलं की आपण नम्र.

"छे छे, मी काय केलं!" हा बहुधा संकोच असतो. मनापासून आभार मानावेत आणि ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं घ्यावीत.

गैरसमज : मोठ्यांपुढे वाकतो, म्हणजे नम्र.

साहेबांपुढे कुणीही वाकतं. तिथे बढतीचा प्रश्न असतो. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळायचं नाही, त्याच्याशी आपण कसे बोलतो ते पाहावं. वडिलांच्या वयाच्या वॉचमनला "ए, गेट उघड" म्हणणारी कितीतरी सुशिक्षित माणसं आपल्याच सोसायटीत राहतात. त्या वॉचमनचं नाव तुम्हाला माहीत नसेल, तर आज विचारून घ्या आणि उद्यापासून त्यांना "अहो" म्हणून हाक मारा.